आमटीच्या मिठाचा हिशेब

शेवडे मास्तर शाळेत येत तेव्हा त्यांच्या कोटाच्या डाव्या खिशात खडू असत आणि उजव्या खिशात आमटी असे. तुरीच्या डाळीची, आमसूल घातलेली, आपण भातावर घेतो तीच आमटी. औषधाच्या रिकाम्या बाटलीत ती भरून, बुचाला चिंधी गुंडाळून, ते मांडवीहून शाळेपर्यंत जपून आणीत. वाटेत कोणी नमस्कार केला तर डावा हात वर करीत. उजवा बाटलीवरच असे. मधल्या सुट्टीत आम्ही बाकीचे शिक्षक चहाच्या नादात असताना ते शास्त्राच्या खोलीचे दार लोटून घेत आणि ती आमटी गाळून, पाणी घालून, परीक्षानळीत ओतीत.

भूक लागते म्हणून आणीत असते तर कोणी हसले नसते. पण आमटीत चांदीचा क्षार टाकून जो ती खाण्याच्या लायकीची ठेवीत नाही, त्याला वेडा म्हणण्यावाचून आम्हांला दुसरे काही सुचत नव्हते. 'आम्हांला' हे मी मुद्दाम लिहिले. त्या हसण्यात माझाही आवाज होता. आज पन्नाशी उलटल्यावर मागे वळून पाहतो तेव्हा असे दिसते, की ज्या माणसांना मी सर्वांत आधी हसलो त्यांच्याविषयीच मला सर्वांत कमी माहिती होती.

ही हकिकत काही वर्षांपूर्वीची. रत्नागिरीच्या एका शाळेत मी गणित शिकवीत होतो आणि मास्तर रसायन. मांडवीला आमची घरे शेजारी होती; मध्ये जांभ्याच्या दगडांचा गडगा, आणि तोही गुडघाभर. मास्तर माझ्याहून थोडे मोठे. ऐन तारुण्यात त्यांची पत्नी गेली. मूल नव्हते. पुन्हा लग्न त्यांनी केले नाही. घरात ते आणि त्यांची वृद्ध आई, इतकीच माणसे. मास्तर उंच, काटकुळे, टोपी नेहमी किंचित मागे सरकलेली. आणि दोन्ही हातांची बोटे शेंड्यांशी काळी. सिल्व्हर नायट्रेट कातडीला लागले की डाग पडतो आणि तो धुऊन जात नाही. लग्नाच्या पंगतीत एखादा नवखा वाढपी त्या बोटांकडे पाहून थबके. मास्तर शांतपणे सांगत, "चांदी आहे ती. वाढा."

अनोळखी क्षार हाती आला तर तो कशाकशाचा बनला आहे हे ओळखणे, यात त्यांचा जीव होता. एरवी हे काम मुले उरकून टाकतात. हे घाला, ते घाला, पांढरे झाले तर अमुक, पिवळे झाले तर तमुक. मास्तरांना असे घालणे सहन होत नसे. "आधी आकडा, मग नळी," असे ते बजावीत. साका, म्हणजे द्रावातून वेगळा होऊन तळाशी बसणारा गाळ. तो पडेल की नाही हे नळी हातात घेण्यापूर्वी कागदावर ठरले पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता.

"क्षार पाण्यात विरघळला म्हणजे काय झालं?" ते वर्गाला विचारीत. "त्याचे दोन भागीदार सुटे झाले. त्यांना आयन म्हणायचं. आता आपल्या बंदरातला पडाव डोळ्यांपुढे आणा. आगबोटीपर्यंत माणसं नेतो तो. त्याची एक मर्यादा आहे. तिथपर्यंत माणसं निमूट तरंगतात. त्यावर एखादी म्हातारी गाठोडं घेऊन चढली, की सगळे तळाशी! इथे दोन्ही आयनांच्या प्रमाणांचा गुणाकार करा. तो मर्यादेखाली असेल तर ब्रह्मदेव आला तरी साका पडायचा नाही. मर्यादेवर गेला, सबब पडलाच."

'सबब' हा त्यांचा लाडका शब्द. कोर्टातल्या अर्जाबाहेर तो मी त्यांच्याच तोंडी ऐकला. "आभाळ भरलंय, सबब छत्री." "हेडमास्तर आज हसले, सबब काहीतरी काम सांगणार." शेजारच्या एका गृहस्थाने मुलीच्या स्थळाविषयी त्यांचे मत विचारले तेव्हा त्यांनी मुलाच्या रागाची चौकशी केली, मुलीच्या रागाची केली, जरा वेळ डोळे मिटले आणि म्हणाले, "गुणाकार मर्यादेत आहे. सबब होऊन जाऊ द्या." तो संसार आजही उत्तम चालला आहे.

चांदी आणि मिठातले क्लोराइड यांच्या गुणाकाराची मर्यादा फारच लहान आहे. दशांश चिन्हापुढे नऊ शून्ये, आणि मग कुठे सतरा. फळ्यावर ती शून्ये काढताना मास्तर एकही शून्य घाईने काढीत नसत. एकदा मागच्या बाकावरून कोणी म्हणाले, "मास्तर, एवढी शून्यं म्हणजे काहीच नाही ना?" मास्तर वळले. रागावले नाहीत. "या सगळ्या शून्यांच्या मागे तो जो बसलाय ना, साका त्याच्यामुळे पडतो," ते म्हणाले. "शून्यांना भिऊन त्याला विसरू नकोस."

धातूंच्या गटांना ते पंगती म्हणत. चांदी आणि शिसे पहिल्या पंगतीला, तांबे दुसऱ्या, जस्त बरेच मागे. द्रावात तेजाब, म्हणजे आम्ल, किती, यावर कोणाची पाळी केव्हा येणार ते ठरे. एका मुलाने तेजाब कमी घातले आणि तांब्याबरोबर जस्तही खाली आणले.

"अरे, जस्ताला तांब्याच्या पंगतीत बसवलंस! तेजाब किती घातलं होतंस?"

"घातलं थोडं."

"थोडं? हा घे खडू. थोडं हा आकडा फळ्यावर लिहून दाखव."

तास संपेपर्यंत तो मुलगा खडू धरून उभा होता.

ह्या पंगतींसाठी जो वायू सोडतात त्याला कुजक्या अंड्याचा वास येतो, असे पुस्तकात लिहिलेले असते. आमच्या वर्गातल्या निम्म्या मुलांच्या घरात अंडे कधी आले नव्हते, मग कुजणार कोठून? मास्तरांनी राजिवड्याच्या, घरी अंडी खाणाऱ्या एका मुलाला त्या कामी नेमले होते. वायू सुटला की ते म्हणत, "साक्षीदार, बोला." तो नाक पुढे करी आणि गंभीरपणे सांगे, "होय मास्तर, कुजकंच." मग बाकीचे वहीत लिहीत.

एका वर्षी मात्र सगळ्या मुलांना सगळ्याच क्षारांत मीठ सापडू लागले. काहीही द्या, चांदीचा थेंब पडला की नळी पांढुरकी. मास्तरांनी नुसत्या पाण्याची नळी घेतली, त्यात थेंब टाकला; तीही पांढुरकी. ते पाणी शाळेच्या कौलांवरून धरलेले पावसाचे. दोन फळे भरून हिशेब केल्यावर ते माझ्या वर्गाच्या दाराशी आले, चेहरा खुललेला. "ओक, कोण चोर ते सापडलं! हिशेबाप्रमाणे विहिरीत चिमूटभर मीठ टाकलं तरी चांदी ते ओळखते. डोळ्यांना दिसायला थोडं जास्त लागतं, डोळा मठ्ठ आहे, ते सोडा. पण आपल्या कौलांवर हा समुद्र बारा महिने मीठ शिंपतोय की हो!" तेव्हापासून ते वाफ निववून केलेले पाणीच वापरीत.

त्यांचे हिशेब मीच तपासून देत असे. कधी चूक सापडली नाही. सापडेल असे त्यांना वाटतही नसे. एकदा हेडमास्तर सौम्यपणे म्हणाले, "शेवडे, माणूस आहे, चुकला असाल एखादे वेळी." "वस्तू चुकली असेल," मास्तर म्हणाले, "हिशेब तपासलेला आहे."

असे हे शेवडे मास्तर. आमटीविषयी त्यांना थेट विचारण्याचे धैर्य मला व्हायला बराच काळ लागला. एका दुपारी त्यांनी नेहमीप्रमाणे कागद पुढे केला, तो तपासताना मी विचारले, "मास्तर, आमटी ही का शास्त्राची वस्तू?"

"मीठ किती ते पाहतो," ते म्हणाले. "पाणी घालत जायचं. चांदीनं गढूळ होणं थांबलं की तिथून उलटा हिशेब."

"चाखून कळत नाही?"

मास्तरांनी नळी उजेडाकडे धरली. "जिभेला सवय होते, ओक. आणि माझी जीभ आईची बाजू घेते."

मग त्यांनी सगळे सांगितले.

काकूंना, म्हणजे मास्तरांच्या आईला, विसर पडू लागला होता. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. तरी स्वयंपाकघरात त्यांचा हात न चाचपडता चाले; फक्त मीठ घातले की नाही हे लक्षात राहत नसे. एकदा घातल्यावर पुन्हा घालीत, आणि फोडणीच्या वेळी पुन्हा एकदा. देवाला नैवेद्य दाखवण्याआधी चाखायचे नाही, हा त्यांचा जन्माचा नेम. आणि स्वतः तर त्या दात पडल्यापासून ताकभातावर होत्या. त्यामुळे आमटी खारट झाल्याचे कळत असे ते एकट्या मास्तरांना.

"एकदा बोलून पाहिलं," मास्तर म्हणाले. "आई, मीठ जरा पुढे आहे, एवढंच म्हटलं. संध्याकाळी तिनं चूल पेटवली नाही हो. म्हणाली, माझ्या हातचं तुला खाववत नसेल तर मी उठते इथनं. बाहेर पडवीत जाऊन बसली. लग्न होऊन आली तेव्हापासून ती त्या चुलीपुढे आहे, ओक. ती पडवीत बसलेली मी कधी पाहिली नव्हती. एवढीशी दिसत होती."

दुसरी धास्ती दत्तूची. दत्तू हा मास्तरांचा धाकटा भाऊ, मुंबईला एका पेढीत कारकून. मनाने प्रेमळ, पण निर्णय घेण्याची मोठी हौस. आईच्याने आता होत नाही असे दिसले की तिला मुंबईला न्यायचे, दादाने खानावळ लावायची, असे तो मागच्या सुट्टीत सांगून गेला होता. त्याची खोली तिसऱ्या मजल्यावर. काकूंनी उभ्या आयुष्यात जिना चढला नव्हता.

मग मास्तरांनी उपाय काढला. "मिठागरातल्या खडेमिठात माती असते, ती पोटात जाते," असे काकूंना पटवून त्यांनी सगळे मीठ पाण्यात विरघळवले, गाळले आणि त्या खाऱ्या पाण्याची बरणी चुलीपाशी ठेवली. वर नारळाच्या करवंटीची डवली. काकू तीन डवल्या घालतात, तर तीन मिळून एका डवलीचे मीठ व्हावे इतके ते पाणी पातळ! पण काकू कधी दोन घालीत, कधी चार. म्हणून मास्तर सकाळी ओटीवर बसून कान देत. डवली बरणीच्या काठावर टेकली की 'टक' असा आवाज होई; तो ते मोजीत, आणि त्याच्या सरासरीवरून पाणी किती पातळ ठेवायचे ते ठरवीत. आणि आपला हिशेब बरोबर येतो की नाही, हे चांदीला विचारायला ती बाटली रोज शाळेत येई.

मी कागद खाली ठेवला. काहीतरी बोलायचे म्हणून म्हणालो, "मास्तर, आई म्हणजे काही सरासरी नव्हे."

"आई नव्हे," ते म्हणाले, "पण तिची डवली बरीचशी सरासरीनंच चालते. तपासलंत का? बरोबर आहे ना?"

बरोबर होते. त्या दिवसापासून शिक्षकांच्या खोलीत बाटलीचा विषय निघाला की मी उठून बाहेर जाऊ लागलो.

मे महिन्यात दत्तू आणि त्याची बायको इंदू बोटीने आली. पावसाळ्याच्या तोंडावर बोटी बंद होतात. शेवटच्या बोटीने परत जायचे, आणि आईला न्यायचे की ठेवायचे ते तोवर ठरवायचे, असे दत्तूने पहिल्याच दिवशी जाहीर केले. मास्तरांचा चेहरा मी गडग्यावरून पाहिला.

पण पहिले काही दिवस सगळे फार छान गेले. काकूंच्या हातची आमटी भुरकून दत्तू म्हणाला, "दादा, आईचा हात अजून तोच आहे रे!" मास्तर नुसते "हं" म्हणाले आणि खाली पाहून भात कालवू लागले. मग इंदूला वाटले, आपण असताना सासूबाईंनी राबावे हे बरे नव्हे. तिने पदर खोचला. घोटाळा इथे झाला.

त्या दिवशी मीही पंगतीला होतो. दत्तूने पहिला घास घेतला आणि पानाकडे पाहिले.

"इंदू, मीठ विसरलीस."

"घातलंय की! आई म्हणाल्या एक डवली घाल, तेवढं घातलंय."

"मग मुंबईला राहिलं असेल ते."

काकू आतून म्हणाल्या, "मी रोज एकच घालत्ये गो. एकच! मोजून! हाताला चव असावी लागते, ती काय डवलीत असते?" त्यांच्या आवाजात इतका आनंद होता की त्या विसरल्या, सूनबाई ऐकते आहे. "मुंबईच्या नळाचं पाणी ते. पीत राहिलं की हाताची चव जाते हो, ओकमास्तर."

दुसऱ्या दिवशी इंदूने धीर करून दोन घातल्या. तरी अळणीच. तिसऱ्या दिवशी काकूंनी तिला हसत हसत चुलीपासून उठवले, आणि आमटी पुन्हा अमृतासारखी झाली. दत्तू बायकोला चिडवी, इंदू परसात जाऊन डोळे पुसून येई, आणि मास्तरांचे कान लाल होत. एका संध्याकाळी ते गडग्यापाशी येऊन मला म्हणाले, "त्या पोरीवर अन्याय होतोय, ओक. तिचं काही चुकत नाही. आणि मला तोंड उघडता येत नाही." 

दत्तूचा निर्णय मात्र झाला. आईला हलवायचे नाही. "असा हात चालतोय तोवर तिला कशाला त्रास?" तो मला म्हणाला. मास्तर त्या दिवशी बाजारातून इंदूसाठी अबोलीचा गजरा घेऊन आले आणि कोणाच्या हाती द्यावा हे न कळल्यामुळे देवापुढे ठेवून मोकळे झाले.

बोटीच्या आदल्या दिवशी सकाळी मी दत्तूला निरोप द्यायला गेलो. माजघरात सगळे गोळा झाले होते. मध्ये चिनी मातीच्या दोन मोठ्या बरण्या उघड्या, आणि घरभर आंबूस वास.

काकू दरवर्षी खारातल्या कैऱ्या घालीत. बरणीभर कैऱ्या दाट खाऱ्या पाण्यात बुडवल्या की त्या वर्षभर टिकतात. यंदा त्यांनी एक बरणी घराला आणि एक दत्तूला मुंबईस न्यायला, अशा दोन घातल्या होत्या. कोणाला न सांगता, एकट्याने, चुलीपाशी आयते असलेले ते गाळीव मिठाचे पाणी वापरून. बरोबर द्यायच्या म्हणून इंदूने झाकण काढले तर वर पांढरी बुरशी, आणि आत कैऱ्यांचा लगदा.

काकू पाटावर बसल्या होत्या. डोळ्यांना दिसत नसले तरी वासाने त्यांना सगळे कळले होते. "सासूबाईंनी ह्या बरण्या माझ्या हाती दिल्या," त्या म्हणाल्या. "एकदाही असं झालं नाही. एकदाही नाही. माझा हातच गेला रे." मग अगदी साध्या आवाजात, "दत्तू, उद्या बोटीत मलाही घे. लुगडी गाठोड्यात बांधायला इंदूला सांग. बाळूला चांगलीशी खानावळ बघून द्या."

बाळू म्हणजे मास्तर. ते दाराशी उभे होते.

इतक्यात इंदू स्वयंपाकघरातून आली. तिने चुलीपाशी जाऊन त्या बरणीतल्या पाण्यात बोट बुडवून चाखले असावे. ओले बोट अजून ओठांपाशी होते. तिने मास्तरांकडे पाहिले. मास्तरांनी जमिनीकडे पाहिले. आपली आमटी अळणी का होत होती, सासूबाईंची का होत नव्हती, हे त्या क्षणी तिला उमगले, याविषयी मला शंका नाही. एक वाक्य बोलली असती तर तिचे इतक्या दिवसांचे अपमान धुऊन निघाले असते. आणि काकूंना स्वतःविषयी जे कधी कळू नये म्हणून मास्तर धडपडत होते, ते सगळ्यांसमोर उघडे पडले असते.

मास्तर पुढे आले आणि पाटासमोर जमिनीवर बसले.

"आई, हात नाही गेला तुझा. त्या बरणीत पाणी मी ओतलं. पातळ केलं. शाळेत मी मिठाच्या तपासण्या करतो ना, त्यातलंच ते. हिशेब माझा चुकला."

"तुझा?" दत्तू म्हणाला.

"चुकला," मास्तर म्हणाले. "त्यात कैऱ्या धरल्याच नव्हत्या."

ह्यात एकही शब्द खोटा नव्हता. खोटे बोलणे त्यांना साधतच नसे.

"पण दादा, पाणी पातळ होतं तर मग आईची आमटी इतके दिवस..." दत्तूने बोट वर केले. त्याची बुद्धी नको तेव्हा तल्लख होत असे.

"कैऱ्या घालायच्या वेळचं म्हणताहेत भावोजी," इंदू पटकन म्हणाली. "मला तेव्हाच पाणी पाणचट वाटलं होतं. मीच बोलले नाही. आणि आमटीचं म्हणाल तर हाताला चव असावी लागते, आई म्हणतात ते काही खोटं नाही."

मास्तरांनी मान वर करून तिच्याकडे पाहिले. धाकट्या भावाच्या बायकोकडे असे सरळ पाहण्याची रीत आमच्याकडे नाही. त्यांनी पाहिले.

काकूंनी हात पुढे करून मास्तरांचे डोके चाचपले, आणि टाळूवर एक चापट दिली. बरीच मोठ्याने.

"मेल्या! पन्नाशीला आलास नि अजून माझ्या बरण्यांत खेळतोस? सोन्यासारख्या कैऱ्या घालवल्यास! तरी म्हटलं, माझा हात जाईल कसा? ऊठ! बाजारात कैऱ्या उरल्या असतील तर घेऊन ये. आणि खडेमीठ आण, खडेमीठ! मातीचं असलं तरी चालेल. पुन्हा कधी माझ्या मिठाला हात लावलास तर बघ. दत्तू, ते गाठोडं राहू दे रे. हा वेडा इथे एकटा काय खाईल?"

मास्तर टोपी न घालता बाजारात गेले. इतक्या वर्षांत बोडक्याने रस्त्यावरून जाताना मी त्यांना पाहिले ते तेवढेच.

दत्तू आणि इंदू शेवटच्या बोटीने गेली. काकू राहिल्या. चुलीपाशी आता खडेमिठाचा जुना चिनी मातीचा सट आला, आणि त्याला हात लावायची मास्तरांना बंदी होती.

पाऊस चांगला लागल्यावर एक दिवस काकूंनी मला जेवायला बोलावले. बाहेर समुद्र गर्जत होता. आत दिव्याच्या उजेडात दोनच पाने. काकू भिंतीला हात लावीत येत आणि नेमके वाटीत वाढीत. मी आमटी भातावर घेऊन पहिला घास तोंडात घातला, आणि तो गिळायला मला बराच वेळ लागला. मीठ तीनदा पडले होते, कदाचित चारदा. मी पाण्याचे भांडे उचलले.

मास्तर भुरके मारीत होते. मधूनमधून तेही पाणी पीत, पण सावकाश, घाई न दिसू देता. काकू आत गेल्याचे पाहून मी हळूच म्हणालो, "मास्तर, रोज हे असंच?"

त्यांनी स्वयंपाकघराच्या दाराकडे एकदा पाहिले.

"खानावळीत मीठ अगदी बेताचं असतं, ओक," ते तितक्याच हळू आवाजात म्हणाले. आणि मग मोठ्याने, "आई, आमटी आण गो. संपली."

काकू पातेले घेऊन आल्या. "आवडली रे?" त्यांनी विचारले, आणि मास्तरांची वाटी भरून झाल्यावर त्या माझ्या पानापाशी येऊन थांबल्या.

मी माझी वाटी पुढे केली.